आईचा रकाना

"कोण रे हा?" डॉर्सी लॅथ्रपनं विचारलं, आणि विचारता क्षणीच आपण विचारायला नको होतं हे त्याला कळलं. सकाळचे सात वाजले होते. लॅटिमर विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या इमारतीतल्या बिनखिडक्यांच्या खोलीत सहा माणसं कॉफीचे कागदी पेले धरून पडद्याकडे बघत बसली होती. पडद्यावर कुठल्याशा फुटकळ कॉलेजच्या सामन्याची चित्रफीत चालली होती. मैदानात चिखल, प्रेक्षकांत बहुतेक खेळाडूंचेच आईबाप, आणि त्या चिखलात चव्वेचाळीस नंबरचा एक मुलगा चेंडू हलायच्या आत एक पाऊल डावीकडे सरकत होता, वळत होता, आणि ज्याच्या हातात चेंडू असे तो माणूस त्याच्या अंगाखाली गेलेला असे. एकदा नव्हे, दर वेळी. अकरा वर्षं कुणाचं कौतुक न केलेला डॉर्सी खुर्चीच्या कडेवर सरकून बसला होता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. भरती विभागाचा प्रमुख प्रेस्टन, वय एकोणतीस, आयुष्यात कधी हेल्मेट न घातलेला, लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "केंड्रल प्रुइट. तीन वर्षांपूर्वी तुम्हीच बघितलेला, डॉर्सी. तुमचा शेरा वाचू?" आणि हो-नाही म्हणायची वाट न बघता त्यानं वाचलाही. "'उंची सहा फूट, वजन एकशे पंच्याण्णव पौंड. डोकं चांगलं चालतं. आई लहान चणीची, तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावेल. मुलगा वाढायचा तेवढा वाढलाय. सोडून द्यावा.'" कुणीतरी फिस्सकन हसलं. "आता दोनशे एकोणचाळीस आहे," प्रेस्टन म्हणाला. "आईचं मनगट किती झालंय ते विचारायचं राहिलं."

डॉर्सी हसला नाही. हसण्यासारखं काही असतं तर या खोलीतल्या माणसांच्या आधी त्याला कळलं असतं, असं त्याचं मत होतं. त्यानं मान वळवून भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर प्रत्येक जागेसाठी लोहचुंबकाच्या पाट्यांची उतरंड होती, आणि लाइनबॅकरच्या उतरंडीत पाच पाट्या होत्या. पुढचे धिप्पाड लोक एकमेकांना रेटत असताना मागे उभं राहून चेंडू कुठे चाललाय ते ओळखायचं आणि नेणाऱ्याला पाडायचं, एवढं या माणसाचं काम. पण ते काम येणारी पाच माणसं सबंध अलाबामात लॅटिमरला मिळाली नव्हती. पहिला ब्रोगन. चार वर्षं झाली, समोरच्यानं डावीकडे जायचं नुसतं सोंग केलं की हा डावीकडे, आणि चेंडू उजवीकडून निघून गेला की कपाळाला हात. कपाळाला हात लावण्यात मात्र त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. दुसरा डिलार्ड. शाळेत असताना त्याला भरतीच्या पंडितांनी पाचपैकी चार तारे दिले होते. ते त्यानं दंडावर गोंदवून घेतले, आणि त्यानंतर गोंदवण्यासारखं त्याच्या हातून काही घडलं नाही. तिसऱ्याचा गुडघा ऑगस्टपासून बर्फात होता. चौथा परवाच कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत नाव घालून निघून गेला होता, जाताना फोनवर देवाचे, आईचे आणि खानावळीतल्या आचाऱ्याचे आभार मानणारं लांबलचक पत्र टाकून. त्याची पाटी काढायचीही कुणाला आठवण राहिली नव्हती. पाचवा विद्यापीठाला देणग्या देणाऱ्या एका दंतवैद्याचा मुलगा, ज्याच्या हेल्मेटवर अजून एक ओरखडा नव्हता. पुढच्या वर्षीसाठी दोन शाळकरी पोरं कबूल झाली होती. त्यातलं एक दर आठवड्याला वेगळ्या कॉलेजची टोपी घालून फोटो काढत होतं. हा सगळा ढिगारा गोळा करणाऱ्यांत आपणही आहोत हे डॉर्सीला माहीत होतं, पण ढिगाऱ्याबद्दलचा तिटकारा त्यामुळे कमी होत नव्हता.

मुख्य कोच स्ट्राउड उठला, फळ्यापाशी गेला, निघून गेलेल्या पोराची पाटी उपटून कचऱ्यात टाकली. "त्या घरी तू गेला होतास ना डॉर्सी?" "गेलो होतो." "मग तूच जा. आज जा. शुक्रवारी सह्यांची मुदत संपते, मग तो आपल्या हाती लागत नाही." मग त्यानं डॉर्सीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्याइतका जुना माणूस आपल्याकडे कुणी नाही," तो म्हणाला. या इमारतीत त्या वाक्याचा अर्थ एकच होता. पोरगं घेऊन आलास तर राहशील. नाहीतर वसंतात तुला एक केक, एक घड्याळ आणि हस्तांदोलन. प्रेस्टननं पत्ता पाठवला आणि म्हणाला, "मी परवा बोललोय त्याच्याशी. वातावरण मस्त आहे. तुम्ही फक्त गोड बोला."

बर्मिंगहॅमच्या बाहेर पडेपर्यंत डॉर्सीनं रेडिओ लावला होता, आणि रेडिओवर प्लंबर, शिक्षक आणि निवृत्त पोस्टमन फोन करकरून लॅटिमरच्या लाइनबॅकरांबद्दल मतं देत होते. एक म्हणाला, पोरांत भूक नाही. दुसरा म्हणाला, कोचांना अक्कल नाही. डॉर्सीनं रेडिओ बंद केला. अक्कल. त्याच्याकडे होती. निदान सव्वीस वर्षं सगळे म्हणत होते की लॅथ्रपचा डोळा म्हणजे डोळा. बाकीचे लोक पोराचं वजन करत, पळायला लावून घड्याळ लावत, अठरा वर्षांचं पोर आज किती आहे ते मोजून खूश होत. आज किती आहे ते कुठल्याही हमालाला कळेल. बाविसाव्या वर्षी किती होणार ते कळायला घरी जावं लागतं आणि आईकडे बघावं लागतं. बापाकडे नाही, बाप मिशा आणि पोट घेऊन फसवतो. आईचं मनगट, घोटा, दाराशी काढून ठेवलेले बूट. पोरांच्या पाहणीच्या अर्जावर तो रकाना डॉर्सीनंच घालायला लावला होता. 'आई.' नुसतं एवढंच. त्यात तो दोन ओळी लिहायचा आणि त्या दोन ओळींवर माणसांची पुढची चार वर्षं ठरायची. दुसऱ्या विद्यापीठातले लोक चोरून विचारायचे, लॅथ्रप काय बघतो रे?

हे त्याला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. लॅटिमरचा तेव्हाचा कोच गिडियन त्याच्या घरी आला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर पिवळं मेणकापड, आणि त्याची आई व्हर्ना, हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींची ओली ओझी उचलणारी, जवळजवळ सहा फुटी, चुलीपाशी उभी. गिडियननं तिसऱ्यांदा तळलेली कोंबडी वाढून घेतली, बोटं चाटली, आणि काट्यानं तिच्याकडे दाखवून म्हणाला, "ह्या बाईकडे बघा. हिच्या पोटचा पोरगा दोनशे चाळीसच्या आत थांबायचाच नाही." बाप टेबलावर थाप मारून हसला. आईही हसली, आणि हात ओच्यात लपवल्यासारखे ॲप्रनखाली घेतले. डॉर्सीला तो दिवस आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस म्हणून आठवत होता. त्याला आपल्या आईचा तेव्हा अभिमान वाटला होता, जसा चांगल्या विहिरीचा वाटावा तसा. मग तो लॅटिमरला आला, सकाळी सहा अंडी, झोपताना दुधाचं भांडं, आणि एकशे अठ्ठ्याण्णववर थांबला. हाडांनी नाही म्हटलं. चार वर्षं त्याची पाटी उतरंडीत तिसरी होती. तो अकरा डाव खेळला, त्यातले नऊ आधीच जिंकलेल्या एका सामन्यात. आई घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला यायची, सगळ्यात वरच्या ओळीत बसायची, सप्टेंबरच्या उन्हातही अंगात लांब तपकिरी कोट. तिला थंडी वाजत असेल असं त्याला वाटायचं. तिला त्यानं कधी विचारलं नाही. नियम खोटा आहे असंही त्याला कधी वाटलं नाही. नियम बरोबर होता. आपणच नासके निघालो. तिटकारा करायला तो पहिल्यांदा शिकला ते स्वतःचाच, आणि मग तो बाकीच्यांना वाटायला त्याच्याकडे भरपूर उरला.

टॅलो क्रीक गावाची पाणटाकी दिसली तेव्हा त्याला तीन वर्षांपूर्वीची दुपार आठवायला लागली. आठवलं ते घर नाही, पोर नाही, बाईची मनगटं. प्रुइटबाई, अर्नेस्टीन, शाळेच्या बसची ड्रायव्हर. तो मुद्दाम तिच्या समोरच्या खुर्चीत बसला होता, भिंतीकडे पाठ करून, म्हणजे उजेड तिच्यावर पडेल. तिनं केक कापून दिला होता, तो त्यानं खाल्ला नव्हता. खाताना डोळा मंद होतो. बोलता बोलता तिनं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या होत्या, आणि त्याला एवढंच वाटलं होतं की आता नीट दिसत नाही. निघताना त्यानं पोराचा हात दाबून म्हटलं होतं, "लॅटिमरकडून तुला जागा दिली असं समज." त्यांच्या धंद्यात हे सगळेच म्हणतात. पन्नास पोरांना जागा द्यायची, आणि जागा तीन. जागा देतात, ती घ्यायची नसते, हे मोठ्या शहरातल्या पोरांना दहावीतच कळलेलं असतं. टॅलो क्रीकमधल्याला ते कळलं नाही. त्यानं महिन्याभरानं एका रविवारी फोन केला, "कोच, मी ठरवलं. मी तुमच्याकडेच येतोय." डॉर्सी तेव्हा गाडीची टायरं बदलून घेत होता. तो म्हणाला, "अरे घाई कसली करतोस बाळा? जूनमध्ये शिबिराला ये, मग बघू." पोर म्हणालं, "बरं कोच." फोन ठेवून डॉर्सीनं टायरवाल्याशी पुढची घासाघीस केली. अशी वर्षाला तीस पोरं असतात. कुणाकुणाचा आवाज लक्षात ठेवायचा?

दार बाईनंच उघडलं. डिसेंबरात तिच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा झगा होता आणि मनगटं उघडी होती, तेवढीच बारीक. आत टेबलावर लॅटिमरची टोपी ठेवलेली होती, निळी, कोरी, अजून गुंडाळीच्या प्लॅस्टिकमध्ये. डॉर्सीच्या जिवात जीव आला. टोपी टेबलावर आहे म्हणजे ठरलं आहे. या देशात पोरं आपला निर्णय टोपी घालूनच सांगतात. तो आपल्या जुन्या खुर्चीकडे वळला. "तिथे नका बसू," बाई म्हणाली. "इकडे या. तोंड भिंतीकडे." तो बसला. त्याच्यासमोर, गेल्या वेळी जी भिंत त्याच्या पाठीशी होती तिच्यावर, एक मोठा फोटो होता. एक अगडबंब बाई तोंड उघडून हसत होती आणि तिच्या एकाच दंडावर तीन वर्षांचं पोर बसलं होतं, जसं कट्ट्यावर बसावं.

"ती डेल्फीन," बाई म्हणाली. "माझी बहीण. केंड्रलची आई. सहा फूट एक इंच. तो चार वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून माझ्याकडे आहे."

आणि त्या क्षणी डॉर्सीला काय वाटलं ते वाटायला नको होतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं. मृत बाईचा फोटो समोर, आणि छातीतून एक गार सुखद झुळूक गेली. नियम खोटा नव्हता! डोळा चुकला नव्हता, फक्त बाई चुकली होती. स्ट्राउडला हे सांगता येईल, प्रेस्टनच्या तोंडावर फेकता येईल, हाडं बोलतात, मी म्हणत होतो. ओठ कधी फाकले ते त्याचं त्याला कळलं नाही.

"हसलात," बाई म्हणाली.

"नाही बाई."

"हसलात. मनगटाचं गणित बरोबर आलं म्हणून." तिनं आपला हात त्याच्यासमोर टेबलावर ठेवला, तळवा वर करून. "घ्या. बघा दोन बोटांत मावतंय का. तुमच्या त्या पोरगेल्या साहेबानं परवा फोनवर वाचून दाखवलं केंड्रलला. गंमत म्हणून. म्हणे, आमचा एक म्हातारा आहे, बघ कसा फसला, आता आम्हाला तू हवास. केंड्रल फोन ठेवून माझ्याकडे आला, माझे हात हातात घेतले आणि बसून राहिला. एवढा थोरला गडी." तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळे डॉर्सीला कुठे बघावं ते कळेना. "गुरांच्या बाजारात निदान जे जनावर घ्यायचं त्याचेच दात बघतात, कोच. तुम्ही तर त्याच्या मावशीचे बघितलेत."

"बाई, त्या वेळी मी... आता आमच्याकडे त्याच्यासाठी जागा आहे. खरीखुरी. पहिल्या दिवसापासून खेळेल. माझा शब्द—"

"तुमचा शब्द ऐकलाय की आम्ही. मी एकटीनं नाही, सत्तर माणसांनी." ती उठली, ओट्याशी गेली, केक कापायला लागली, पाठमोरीच बोलत राहिली. "रविवार होता. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. पाळक होते, त्याच्या शाळेचे कोच होते, माझ्या बसमधली पोरं होती. ही टोपी मी स्वतः जाऊन आणलेली. पोरानं फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. आणि तुम्ही म्हणालात, घाई कसली करतोस बाळा. मागून कुठेतरी ठोकल्याचा आवाज येत होता. कुणाला कळेना टाळ्या वाजवायच्या का. एक म्हातारी वाजवायलाही लागली."

टायरवाल्याचा हातोडा. डॉर्सीला तो हातोडा ऐकू आला. त्याला माफी मागावीशी वाटली आणि शब्द येईना, कारण गेली सव्वीस वर्षं त्याच्या तोंडातून गोड शब्द एवढे सुटलेले होते की उरलेल्यांत खरा कुठला ते त्यालाच ओळखता येईना. शेवटी तो म्हणाला, "केंड्रल कुठे आहे?"

"गेला. सकाळीच सही केली, दुसरीकडे. तिथल्या लोकांना मीच म्हटलं, दुपारपर्यंत बाहेर बोलू नका."

"मग मला येऊ का दिलंत? दीड तास गाडी चालवून आलो मी."

"मला बघायचं होतं तुम्हाला." ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि खरंच बघायला लागली. तिला घाई नव्हती. त्याचे बूट, पँटीतून दिसणारे घोटे, पोट, मानेची सुटलेली कातडी, जॅकेटच्या बाहीतून बाहेर आलेली मनगटं. डॉर्सीनं आजवर हजार घरांत हेच केलं होतं, आणि ते असं लागतं हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं हात टेबलाखाली घेतले. मग तिनं विचारलं, "तुमची आई कशी होती हो चणीनं?"

खोटं बोलता आलं असतं. "मोठी," तो म्हणाला. "जवळजवळ सहा फूट. खांदे रुंद."

बाईनं त्याच्याकडे पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग?" ती म्हणाली.

तिनं उत्तराची वाट पाहिली, अगदी प्रामाणिकपणे, जसं एखादं पोर बसमध्ये उशिरा का चढलं ते सांगेल म्हणून थांबावं. मग ती उठली, केकचे दोन तुकडे चंदेरी कागदात गुंडाळले, वर टोपी ठेवली आणि त्याच्या हातात दिलं. "उपाशी कुणाला पाठवत नाही मी," ती म्हणाली. "टोपी पण न्या. आमच्याकडे कुणाला होत नाही ती."

गाडीत बसून त्यानं किल्ली फिरवली आणि तसाच बसून राहिला. आईला थंडी वाजत नव्हती. सप्टेंबर महिना, अलाबामातलं ऊन, लोखंडी बाकं तापून बसवत नसे, सगळं मैदान कागदी पंख्यांनी वारा घेत असे, आणि वरच्या ओळीत व्हर्ना लॅथ्रप गळ्यापर्यंत बटणं लावून. चार वर्षं. खालची माणसं आधी मैदानाबाहेर उभ्या डॉर्सीकडे बघतील, मग वर तिच्याकडे बघतील, आणि मनात म्हणतील, एवढी थोरली बाई आणि हे एवढंसं पोर? म्हणून ती स्वतःला झाकून घेत होती, त्याची लाज राखत होती, कोटाच्या आत घामानं निथळत. त्या दिवशी चुलीपाशी ती हसली होती तेव्हाही हात झाकलेच होते तिनं. सगळं त्याच्या डोळ्यासमोर घडलं होतं. लॅथ्रपच्या डोळ्यासमोर! त्याला आपल्या त्या डोळ्याची शिसारी आली. दारातल्या बुटांवरून पोरांची हाडं सांगणाऱ्या माणसाला आईच्या अंगातला कोट दिसला नाही.

फोन वाजला. प्रेस्टन. "काय झालं? येतंय ना पोरगं?"

"नाही. सही केली दुसरीकडे."

प्रेस्टननं एक शिवी घातली, डॉर्सीला नव्हे, नुसतीच. "बरं. स्ट्राउडना सांगतो मी. तुम्ही सावकाश या." त्याच्या आवाजात पहिल्यांदाच माया होती, आणि तिचा अर्थही डॉर्सीला कळला.

"प्रेस्टन, ऐक. माझं एक काम कर. तुला वेळ होईल तेव्हा. अर्जावर तो आईचा रकाना आहे ना, तो काढून टाक."

पलीकडे कुणाशीतरी काहीतरी कुजबुजल्यासारखं ऐकू आलं. "तो कधीच काढलाय, डॉर्सी," प्रेस्टन म्हणाला. "दोन वर्षं झाली. तुम्हाला सांगायचं राहिलं बहुतेक. तुम्ही आपले कडेला हातानं लिहून पाठवता."

"मग त्याचं काय करता तुम्ही?"

"काही नाही. ठेवतो बाजूला." आणि मग, तरुण माणसांना खरं बोलायची मधूनच जी हुक्की येते ती आल्यासारखं, "नाताळच्या पार्टीत वाचतो कधीकधी."

डॉर्सीनं फोन ठेवला. खिडकीत प्रुइटबाईनं पडदा सारला होता आणि ती अजून त्याच्याकडे बघत होती. गाडीतला हीटर एवढा वेळ चालूच होता, काचेवर वाफ धरली होती, त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं बाह्या मनगटांवरून खाली ओढल्या आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून घेतली.